नाव कुणाचं, पैसा कुणाचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता 'गुंतवणूक कशी करावी'. मी म्हटलं, ते सांगणारे टीव्हीवर सकाळी नऊपासून बसलेले असतात, त्यांच्यात मी कशाला? त्याऐवजी बँकेतल्या ज्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली, त्या टेबलाविषयी बोलतो. मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल. पैसे कसे वाढवायचे हे तिथे शिकायला मिळत नाही. माणूस गेल्यावर त्या पैशांचं काय होतं, हे मात्र रोज दिसतं. आपली इमारत उभी राहिली तेव्हा आपण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होतो. आज जिन्यात कोण भेटतं ते पाहिलं तर हा विषय घरचाच आहे, हे कुणी वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी वकील नाही. कायद्याचा जेवढा भाग काउंटरवर येऊन आदळतो, तेवढाच मला ठाऊक आहे.

लोक चार वेगवेगळी माणसं एकाच टोपलीत टाकतात. खात्यात दुसरं नाव ज्याचं आहे तो जॉइंट होल्डर. फॉर्मवर ज्याचं नाव लिहिलं तो नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित. कायद्याने ज्याला हिस्सा मिळतो तो वारस. आणि मृत्युपत्रात ज्याला दिलं तो लाभार्थी. पुष्कळ घरांत हे चारही एकच असतात, म्हणजे पत्नी, आणि मग काहीच अडत नाही. अडतं ते चौघे वेगळे निघाले की.

आधी बँकेचं खातं घेऊ, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. पासबुकावर 'ई ऑर एस' लिहिलेलं असतं, म्हणजे आयदर ऑर सर्व्हायव्हर : दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो. एक धारक गेला की बँक दुसऱ्याला पैसे देते. कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर वारसांची परवानगी मागत बसत नाही. यावरून लोकांची समजूत होते की मागे राहिला तो मालक झाला. तसं नाही. त्या तीन शब्दांचा अर्थ एवढाच, की बँकेने पैसे योग्य माणसाच्या हातात दिले आणि बँक सुटली. ते पैसे खरे कुणाचे हा प्रश्न बँकेपुरता संपतो, घरापुरता सुरू होतो. पैसे कुणी भरले होते, दुसरं नाव केवळ सोयीसाठी घातलं होतं की खरंच देण्याचा हेतू होता, हे कोर्ट पाहतं.

सोयीसाठी नाव घालणं हा आपल्याकडचा फार मोठा रिवाज आहे. एका शाखेत असताना पाहिलेलं सांगतो. गाव आणि माणसं सांगत नाही. निवृत्त गृहस्थ, पत्नी आधीच गेलेली. थोरला मुलगा जवळ राहायचा, म्हणून सगळ्या मुदत ठेवींवर आणि शेअरवर दुसरं नाव त्याचं. 'बँकेत जायला-यायला बरं पडतं' हे कारण. वडील गेले. पंधरा दिवसांत सगळं थोरल्याच्या खात्यात आलं, नियमाप्रमाणेच आलं. दोन महिन्यांनी मुलगी शाखेत आली. तिने मला एकच विचारलं : "साहेब, बाबांनी मला काहीच ठेवलं नाही का हो?" मी काय सांगणार? बाबांनी काही ठेवलं नव्हतं असं नव्हे, आणि ठेवलं होतं असंही नव्हे. बाबांनी लिहूनच ठेवलं नव्हतं. पुढे बहीण-भाऊ कोर्टात गेले. पैशाचा निकाल लागला असेल. राखीपौर्णिमेचं काय झालं ते माहीत नाही.

आता शेअर. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पूर्वी कागदी सर्टिफिकेटं पाहिली आहेत, ट्रंकेत ठेवलेली. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा कायदा आला आणि ती कागदं डीमॅटमध्ये जायला लागली. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन संस्थांकडे आज आपले शेअर नोंदलेले असतात. बँक किंवा ब्रोकर, ज्याला आपण डीपी म्हणतो, तो फक्त मधला माणूस. १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड कंपनीच्या कागदी शेअरची नेहमीची खरेदी-विक्री हस्तांतरणासाठी स्वीकारली जात नाही, तेव्हा ज्यांच्या ट्रंकेत अजून कागद आहेत त्यांनी तो विषय आधी मार्गी लावावा.

डीमॅट खात्यात जास्तीत जास्त तीन नावं असतात, एक पहिला धारक आणि दोन जोडधारक. ट्रेडिंग खातं, म्हणजे ज्यातून खरेदी-विक्री होते ते, मात्र एकट्याच्या नावाने असतं आणि ते पहिल्या धारकाचं असावं लागतं. अज्ञान मुलाला जोडधारक करता येत नाही. त्याचं खातं काढायचं तर त्याच्या एकट्याच्या नावाने, पालकामार्फत. लाभांश पहिल्या धारकाच्या बँक खात्यात येतो. बरं, नावांचा क्रमही महत्त्वाचा. 'अ आणि ब' हे एक खातं, 'ब आणि अ' हे दुसरं. सर्टिफिकेटवर वहिनींचं नाव पहिलं आणि डीमॅटमध्ये भाऊंचं पहिलं असेल, तर डीमॅट करतानाच क्रम बदलून घेण्याचा वेगळा अर्ज असतो. सर्टिफिकेट उगाच परत येतं आणि माणूस डीपीला शिव्या देत बसतो, त्याचं एक कारण हे असतं.

जोडधारकांपैकी एक गेला की हयात धारक अर्ज करतो, मृत्यूचा दाखला साक्षांकित करून देतो, आणि शेअर हयात धारकांच्या नावे होतात. याला हस्तांतरण म्हणत नाहीत, ट्रान्समिशन म्हणतात. विक्री नाही, म्हणून त्या वेळी भांडवली नफ्याचा करही नाही. पुढे वारसाने शेअर विकले तर मूळ माणसाची खरेदीची किंमत आणि तारीख धरली जाते. म्हणून जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट रद्दीत देऊ नका. वारसा कराची भीतीही काही जण घालतात. आपल्याकडची इस्टेट ड्यूटी १९८५ साली बंद झाली. तो कर आज नाही.

जॉइंट खात्यात नॉमिनी असला तरी सगळे धारक जाईपर्यंत त्याचा नंबर लागत नाही. नवराबायको दोघांचं खातं, नॉमिनी मुलगी. वडील गेले की मुलगी डीपीकडे फॉर्म घेऊन जाते आणि तिला परत पाठवतात. तिला वाटतं अडवणूक चालली आहे. अडवणूक नाही, आई हयात आहे म्हणून.

आता नॉमिनीचा खरा अर्थ. यावर आपल्या मुंबईतच मोठा गोंधळ झाला होता. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी असा निकाल दिला की शेअरच्या बाबतीत नॉमिनी हाच मालक. अनेकांनी त्यावर भरवसा ठेवला. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते चूक ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' या खटल्यात शेवटचा शब्द आला : कंपनी कायद्यातलं नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे. नॉमिनीच्या नावावर शेअर येतात, पण वारसांच्या किंवा मृत्युपत्रातल्या लाभार्थींच्या वतीने. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हेच १९८३ साली सांगितलं होतं, बँक खात्याबद्दल २०१० साली. विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला आणि तिथलं गणित आता थोडं निराळं आहे. त्यात आज शिरत नाही, नाहीतर चहा थंड होईल.

मी काउंटरवर समजावताना असं सांगायचो : नॉमिनी म्हणजे कुरियर घेणारा शेजारी. पार्सल त्याच्याच हातात देतात, सहीही त्याचीच घेतात. पार्सल त्याचं नसतं.

मग पार्सल कुणाचं? मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलं असेल त्याचं. नसेल तर ज्याच्या त्याच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे. आपल्याकडे बहुतेक घरांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. पण सोसायटीत इतरही कुटुंबं आहेत. मुस्लिम कायद्यात वाटे ठरलेले असतात आणि मृत्युपत्राने वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी मंडळींना भारतीय वारसा कायदा. मूळ गोव्याच्या कुटुंबांना तिथला नागरी कायदा लागू असेल तर, वेगळा करार नसताना, नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि निम्मी मुळात हयात जोडीदाराचीच असते. त्यांनी गोव्यातल्या वकिलालाच विचारावं.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर काय होतं, हे एका कल्पित घराचं उदाहरण घेऊन सांगतो. गृहस्थ बासष्ट वर्षांचे. एकट्याच्या नावाने ४० लाखांचे शेअर, नॉमिनी पत्नी. एक मुलगा न्यू जर्सीला, मुलगी पुण्याला. आणि शहाऐंशी वर्षांची आई, जी गावाकडे धाकट्या मुलाजवळ राहते. गृहस्थ अचानक जातात. शेअर नॉमिनी म्हणून पत्नीच्या खात्यात येतात. घरात सगळ्यांना वाटतं, विषय संपला.

कायद्याने पहिल्या वर्गातले वारस कोण? पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. चौघांना सारखा वाटा. लग्न झालेली मुलगी तेवढीच वारस, जेवढा मुलगा. म्हणजे पत्नीचे १० लाख, मुलाचे १० लाख, मुलीचे १० लाख आणि आजींचे १० लाख. वडील हयात असते तर ते या वर्गात येत नाहीत. हे ऐकून सगळे चमकतात, पण तसंच आहे.

आता दोन वर्षांनी आजी जातात, त्यांनीही काही लिहिलेलं नाही. त्यांच्या १० लाखांचे वारस कोण? त्यांची मुलं : धाकटा मुलगा, एक मुलगी, आणि आधी गेलेल्या थोरल्या मुलाची मुलं मिळून त्याच्या जागी एक वाटा. म्हणजे नवऱ्याच्या घामाच्या पैशांतले सहा लाख सहासष्ट हजार काका आणि आत्या यांच्याकडे जाणार. सून वारसांत नाही. काका-आत्या सहसा मागत नाहीत हो. आपली माणसं तशी चांगली असतात. पण एखाद्या काकांच्या मुलाचा धंदा बुडालेला असतो, एखाद्या आत्यांचे जावई वकील असतात. आणि मागणं बेकायदेशीर नाही. त्या आजींना स्वतःला औषधपाण्यासाठी तो वाटा हवा असेल, तर तो त्यांचा हक्क आहे, हेही सुनेने लक्षात घ्यायला हवं. मी दोन्ही बाजूंचे अश्रू पाहिले आहेत.

हे टाळायला काय लागतं? दोन पानांचं मृत्युपत्र. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण आपल्या वयात केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते वाटेकरी नसावेत, आणि आपल्यापेक्षा तरुण असावेत! एका वर्गमित्राने साक्षीदार म्हणून शाळेतल्या मास्तरांना घेतलं होतं.

नॉमिनीच नसेल तर काय? तेव्हा वारसांना स्वतः उभं राहावं लागतं. रक्कम लहान असेल तर प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना हरकत, हमीपत्र यावर काम होतं. डीमॅटसाठी सेबीने २०२२ मध्ये ही मर्यादा ५ लाखांवरून १५ लाख केली. त्यापुढे मृत्युपत्राचं प्रोबेट नाहीतर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट अशी कागदं मागतात. ते कोर्टातून आणायचं म्हणजे जाहीर नोटीस, वकील, कोर्ट फी आणि तारखा. म्हणून नॉमिनी मालक नसला तरी नामनिर्देशन करूच नका असं कुणी समजू नये. ते केलेलं असलं की पार्सल निदान गोदामात पडून राहत नाही. मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांत एकच नाव असेल तर सोन्याहून पिवळं. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारी लिहून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच.

आता एक कटू विषय. वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांच्याच मोबाईलवर ओटीपी घेऊन शेअर विकतो, पैसे वळवतो. "खर्चाला हवे होते" म्हणतो; खरंही असतं. पण माणूस गेल्या क्षणी त्याची सही संपते. त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही त्याच क्षणी संपतं. स्टेटमेंटवर व्यवहाराची तारीख छापलेली असते, दाखल्यावर मृत्यूची. बहिणीने दोन्ही कागद शेजारी ठेवले की भाऊ चोर ठरतो, मनात चोरी नसली तरी. क्रियाकर्माच्या खर्चासाठी नवराबायकोचं एक ई ऑर एस बचत खातं, त्यात पाच-सहा महिन्यांचा खर्च, एवढी सोय आधी करून ठेवली तर हा मोह होत नाही. डीपीला मृत्यू कळवा. १ जानेवारी २०२४ पासून अशी व्यवस्था आहे की एका ठिकाणी कळवलं की केवायसीच्या नोंदीमार्फत इतर ठिकाणीही ते कळतं.

आणि कुणालाच काही सांगितलं नसेल तर? सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की लाभांश आणि ते शेअरही सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. बँकेतली ठेव दहा वर्षं पडून राहिली की रिझर्व्ह बँकेच्या निधीत. बुडत नाहीत, परत मागता येतात. पण मागायला आधी माहीत तर पाहिजे! बेवारस ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, मागच्या रांगेतल्या मंडळींनी आज रात्री आजोबांचं नाव टाकून पाहावं.

आपल्या फ्लॅटबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला खाली उतरू देणार नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या १५४ब-१३ कलमाप्रमाणे सभासद गेला तर सोसायटी मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा वारसांनी केलेला कौटुंबिक करार यांवरून हिस्सा वर्ग करते, किंवा नॉमिनीच्या नावे करते. पण वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. तेव्हा शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलं म्हणून फ्लॅट त्याचा झाला, असं चिटणिसांनी कुणाला सांगू नये आणि कुणी चिटणिसांच्या मागे लागू नये. दुसरी गोष्ट, आपल्यातल्या कित्येकांनी पत्नीला सहयोगी सदस्य केलं आहे, सभेला जाता यावं म्हणून. तेवढ्याने ती फ्लॅटची सहमालक होत नाही. ते करारनाम्यात नाव आहे का, यावर ठरतं. आणि सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोख्यांपुरतं असतं; फ्लॅटच्या मालकीला त्याने भागत नाही.

वेळ होत आला, पण चिठ्ठ्या आल्या आहेत. बी विंगमधल्या एका वहिनी विचारतात, मुलगा अमेरिकेत आहे, त्याला नॉमिनी केला तर चालेल का? चालेल. त्याला इथे अनिवासी भारतीयाचं, एनआरओ प्रकारचं खातं आणि तसंच डीमॅट लागेल. विकून आलेले पैसे ठरलेली कागदपत्रं देऊन आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. त्याला एक जरूर सांगा. अमेरिकेत नवराबायको ब्रोकरकडे जॉइंट खातं काढतात तेव्हा 'राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप' असा प्रकार असतो, तिथे मागे राहिलेला खरोखर मालक होतो. मुलं तीच कल्पना डोक्यात धरून इथे येतात आणि आईला सांगतात, "काळजी नको, जॉइंट आहे ना!" इथलं तसं नाही.

त्यालाच जोडून दुसरी चिठ्ठी, ही तरुणाची असावी : मी इथे बसून ॲपवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेतो. बाबा रे, अमेरिकेचा मृत्यूनंतरचा इस्टेट कर तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या अमेरिकन शेअरनाही लागतो, आणि सूट आहे फक्त ६० हजार डॉलरची. त्यावर गेलास तर सीएला विचार.

शेवटची चिठ्ठी : "दोघं एकदम गेलो तर?" विमान, गाडी, कुठेही होऊ शकतं. म्हणूनच जॉइंट खात्यालाही नॉमिनी हवा, आणि मृत्युपत्रात 'पत्नीला, आणि ती माझ्याआधी किंवा माझ्याबरोबर गेल्यास अमुक यांना' हे अर्धं वाक्य हवं.

सोसायटीचे नामनिर्देशनाचे कोरे फॉर्म मी ऑफिसमध्ये ठेवले आहेत. ते तीन प्रतींत भरायचे असतात. येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसणार आहे. येताना शेअर सर्टिफिकेट, डीमॅटचं एखादं स्टेटमेंट आणि चष्मा आणा. शक्यतो दोघांनी मिळून या.